‘मी भाकरी खाल्लो’ हे कन्नडमुळेच, असे केव्हा म्हणता येईल?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात शिक्षिका आहात, भाषाविज्ञानात एम. ए. करत आहात आणि घरात कन्नड व बाहेर मराठी बोलणाऱ्या लोकांच्या मराठी व्याकरणावर कन्नडचा काय परिणाम होतो, हा विषय तुम्ही प्रबंधिकेसाठी घेतला आहे. तुम्ही 40 कन्नड वाक्ये लिहून 25 जणांकडून त्यांचे मराठी करून घेतले आणि उत्तरे जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकातल्यासारखी आली. प्रत्यक्षात मात्र बाजारात, एसटी स्टँडवर आणि शेजारच्या ओट्यावर तुम्हांला रोज ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ असे ऐकू येते. प्रश्नावली कुठे चुकली आणि असे वाक्य हाती लागले तर ते कन्नडमुळे आहे असे लिहिता येईल का, हे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. लोक खरोखर जसे बोलतात तसे बोलणे नोंदीत कसे यावे, हा पहिला. तो कष्टाचा आहे, पण सुटण्यासारखा आहे. दुसरा अवघड आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक प्रबंधिका तिथेच अडतात: प्रभाव म्हणायचा तो कशाच्या तुलनेत? तुमच्या मनात आज ती तुलना बालभारतीच्या मराठीशी आहे. तुमच्या गावातल्या माणसाचे मराठी बालभारतीतून आलेले नाही, ते शेजाऱ्याकडून आलेले आहे. त्यामुळे त्याच्या व्याकरणाची तुलना शेजाऱ्याच्या व्याकरणाशीच करायला हवी. सविस्तर लिहितो.

आधी प्रश्नावलीबद्दल. ‘या वाक्याचे मराठी सांगा’ असे विचारले की समोरचा माणूस बोलत नाही, उत्तर देतो. विचारणारी व्यक्ती शिक्षिका असेल तर तो शाळेत बसल्यासारखा उत्तर देतो. सुमारे 20 वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात मी हेच केले होते. एक आजी सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या आणि मी समोर वही उघडून एकेक वाक्य विचारत होतो. ‘नानु रोट्टि तिंदे’ याचे मराठी त्यांनी क्षणभर थांबून, जपून, ‘मी भाकरी खाल्ली’ असे सांगितले. मी बरोबरची खूण केली. तेवढ्यात शेजारच्या बाई दारात आल्या आणि जेवण झाले का म्हणून विचारू लागल्या. आजी सुपावरची मान वर न करता म्हणाल्या, ‘मी मघाशीच भाकरी खाल्ले की.’ मी माझ्या पुढच्या वाक्यात इतका गुंतलो होतो की ते मला ऐकूच आले नाही. रात्री मुक्कामी ध्वनिमुद्रण परत ऐकताना लक्षात आले की दिवसभराच्या कामात ज्यासाठी मी आलो होतो ते एकच वाक्य होते आणि ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

अमेरिकन समाजभाषावैज्ञानिक विल्यम लबोव्ह यांनी याला निरीक्षकाचा पेच म्हटले आहे: कोणी लक्ष देत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवे असते आणि ते मिळवण्याचा मार्ग मात्र लक्ष देणे हाच असतो. पेच पूर्ण सुटत नाही, सैल करता येतो. त्यासाठी एक पथ्य पाळावे. चोरून ध्वनिमुद्रण कधीही करू नये. परवानगी आधी घ्यावी, मुलांच्या बाबतीत आईवडिलांची घ्यावी, ध्वनिमुद्रण कशासाठी आहे ते स्वच्छ सांगावे आणि नंतर एखादा भाग पुसून टाका असे कोणी म्हटले तर पुसावा. परवानगी दिलेले लोकही पहिली दहा-पंधरा मिनिटे गेली की यंत्र विसरतात. तो पहिला भाग मोजणीत धरू नये.

संवादात तुम्ही स्वतः कमीत कमी बोलावे. दोन जावा, दोन मित्र, आजी आणि नात अशा जोड्या बसवाव्यात. त्यांच्याच घरातल्या कोणाकडे यंत्र देऊन तुम्ही बाहेर ओट्यावर बसलात तर आणखी चांगले. तुम्हांला जे रूप हवे आहे, म्हणजे प्रथम पुरुष, सकर्मक क्रियापद आणि भूतकाळ, ते मोकळ्या गप्पांत वाटते त्यापेक्षा फार विरळ येते, कारण लोक गप्पांत दुसऱ्यांबद्दल बोलतात. म्हणून माझा जुना, साधा उपाय सांगतो. ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते सगळं सांगा’ असे म्हणावे. पाणी भरले, चूल पेटवली, धार काढली, भाकरी थापल्या, डबा दिला, खुरपणी केली अशी वाक्यांमागून वाक्ये येतात आणि जवळजवळ प्रत्येकात ‘मी’ असतो. ‘आम्ही’ हवे असेल तर घरातल्या लग्नाची किंवा यात्रेची हकिकत विचारावी.

भाषांची माहिती घेतानाही हाच विचार ठेवावा. ‘तुम्हांला मराठी किती येते?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर भाषेबद्दल कमी आणि त्या भाषेच्या प्रतिष्ठेबद्दल जास्त सांगते. 2011 च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे 26 टक्के लोकांनी आपल्याला दोन भाषा येतात आणि सुमारे 7 टक्के लोकांनी तीन भाषा येतात असे सांगितले. तिथे मातृभाषेखेरीज जास्तीत जास्त दोनच भाषा नोंदवण्याची सोय होती, आणि आठवडी बाजारापुरती येणारी भाषा बरेच जण सांगतच नाहीत. भाषावैज्ञानिक प्रबोध पंडित यांनी मुंबईतल्या गुजराती मसाल्याच्या व्यापाऱ्याचे दिलेले उदाहरण आमच्या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे: घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापारी वर्तुळात कच्छी आणि कोकणी, औपचारिक प्रसंगी इंग्रजी. या माणसाला ‘किती भाषा येतात’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘कोणाशी, कुठे, कशाबद्दल’ असे विचारावे. तुमच्या गावात ‘म्हशीशी कोणत्या भाषेत बोलता’, ‘देवापुढे मनात काय म्हणता’, ‘भांडण झाले तर तोंडातून काय येते’ असे विचारून पाहा. लोक आनंदाने उत्तर देतात आणि प्रत्येक उत्तर उपयोगी पडते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ‘मी भाकरी खाल्लो’ या वाक्यात नेमके काय घडते? प्रमाण मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते: मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. हा कर्मणी प्रयोग. ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणणाऱ्याने क्रियापद कर्त्याकडे वळवले आहे, म्हणजे तो कर्तरी प्रयोग झाला. कन्नडमध्ये क्रियापद सर्व काळांत कर्त्याप्रमाणेच चालते. या दोन व्याकरणांची शेजारशेजारची साक्ष श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली आहे. तिथल्या कन्नड ओळीत ‘श्री चावुंडराजं माडिसिदं’ असे आहे. कर्ता प्रथमेत आणि क्रियापद त्याच्याशी जुळलेले. मराठी ओळीत ‘श्री चावुंडराजें करवियलें’ असे आहे, म्हणजे ‘श्री चावुंडराजाने करवले’. कर्ता तृतीयेत आणि क्रियापद त्याच्याकडे न पाहणारे. एकच कृती, एकच कर्ता, आणि दोन भाषांनी वाक्य दोन रीतींनी बांधले आहे. तेव्हा सीमेवरच्या मराठीत कर्तरी रूप दिसले की कन्नडकडे बोट जाणे स्वाभाविक आहे, आणि तो अंदाज खराही असू शकतो.

तरीही एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण मराठीच्या स्वतःच्या घरातही हे बीज आहे. ‘मी छत्री विसरलो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी पाणी प्यायलो’, ‘ती शालू नेसली’ ही सगळी प्रमाण मराठी वाक्ये आहेत, सगळ्यांत कर्म आहे आणि सगळ्यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालले आहे. ‘विसरलो’ चालते तर ‘खाल्लो’ का नाही, असे एखाद्याच्या मनातल्या व्याकरणाने ठरवले तर त्याला कन्नडची गरज नाही. दुसरी गोष्ट ‘मी’ या शब्दाचीच आहे. ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणताना ‘ने’ हा प्रत्यय स्पष्ट सांगतो की कर्ता तृतीयेत आहे. जुन्या मराठीत ‘मी’ आणि ‘म्यां’, ‘तू’ आणि ‘तुवां’ असा फरक होता. आज तो गेला आहे. ‘मी गेलो’ आणि ‘मी खाल्ली’ या दोन्हींत ‘मी’ सारखाच दिसतो. कर्त्यावरची खूण पुसली गेली की ऐकणाऱ्या मुलाने तो साधा कर्ता समजावा आणि क्रियापद त्याच्याशी जुळवावे, यात नवल नाही. ‘तू भाकरी खाल्लीस’ मध्ये तर प्रमाण भाषेनेच अर्धे पाऊल टाकलेले आहे: ‘खाल्ली’ भाकरीसाठी आणि शेवटचा ‘स’ तुझ्यासाठी. आपल्या परंपरागत व्याकरणांनी याला कर्तृ-कर्म-संकर प्रयोग म्हटले आहे.

यातून तुम्हांला तपासता येण्याजोगे अंदाज मिळतात आणि प्रबंधिकेचा कणा त्यांवर उभा राहू शकतो. हा बदल मराठीच्या आतून येत असेल तर तो आधी ‘मी’, ‘आम्ही’ यांच्याबरोबर दिसेल आणि ‘त्याने’, ‘बाईने’ यांच्याबरोबर फारसा दिसणार नाही, कारण तिथे ‘ने’ पहारा देतो. कन्नडचा नमुना जसाच्या तसा उचलला जात असेल तर ‘ने’ गळून ‘तो भाकरी खाल्ला’ अशी वाक्येही बऱ्यापैकी मिळायला हवीत, आणि कन्नड घरांत त्यांचे प्रमाण शेजारच्या मराठी घरांपेक्षा स्पष्टपणे अधिक असायला हवे. दोन्ही कारणे एकमेकांना बळ देत आहेत असेही निघू शकेल. सीमाभागात मी जे काही ऐकले आहे त्यावरून माझा कल या तिसऱ्या शक्यतेकडे आहे, पण तो कल आहे. तुमच्या गावचे उत्तर तुमच्या नोंदींतूनच यायला हवे.

इथे वाक्ये निवडताना एक काळजी घ्यावी, नाहीतर मोजणी फसते. बाई बोलत असेल आणि ती म्हणाली ‘मी आंबे खाल्ले’, तर हे ‘खाल्ले’ आंब्यांसाठी की तिच्यासाठी, हे कळायला मार्ग नाही. पुल्लिंगी अनेकवचनाचे रूप आणि प्रथम पुरुषी स्त्रीलिंगी रूप एकच आहे. अशी वाक्ये मोजणीतून वगळावीत. बायकांच्या बोलण्यात स्त्रीलिंगी एकवचनी कर्म शोधावे: ‘भाकरी खाल्ली’ आणि ‘भाकरी खाल्ले’ यांत गोंधळ होत नाही. पुरुषाच्या ‘खाल्लो’ मध्ये अशी अडचण मुळातच नाही. नपुंसकलिंगी कर्माच्या बाबतीत लिहून घेताना जपावे. बोलण्यात ‘काम केलं’ आणि ‘काम केले’ ही दोन वेगळी रूपे आहेत, पण औपचारिक लेखनाच्या सवयीने तुम्ही दोन्ही ‘केले’ असे लिहिले तर पुरावा तुमच्याच वहीत नाहीसा होईल. जे ऐकू येते तेच लिहावे, अनुस्वारासकट.

बायकांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर नक्की आली असेल. कोल्हापूर-सांगलीकडे बायका आणि मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ हे वाक्य बाईचे आणि पुरुषाचे एकच असते. प्रथम पुरुषी क्रियापदात लिंगभेद नसतोच. जुळणी अगदी नेमकी दिसते. पण ज्यांच्या घरात कन्नडचा एक शब्द कोणाला येत नाही अशा कोल्हापूरच्या मुलीही तसेच बोलतात. अशा वेळी हा कन्नडचा जुना ठसा सगळ्या प्रदेशाच्या मराठीत मुरला असेल, किंवा ‘आम्ही आलो’ हे रूप बाई-पुरुष दोघांचे सारखेच असल्यामुळे त्याच्या धर्तीवर एकवचनही सारखे झाले असेल. कोणतेही कारण असो, तुमच्या गावातली द्विभाषिक बाई ‘मी आलो’ म्हणते तेव्हा ती ते स्वतःच्या कन्नडमधून आणत नाही. आजूबाजूच्या मराठीतून शिकलेली असते. कन्नड जुनी शेजारीण म्हणून वागते, आणि एकाच माणसाच्या डोक्यात दुसरी भाषा म्हणूनही वागते. या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रबंधिकेत त्या एका शब्दाखाली टाकू नयेत.

ज्या बाबतीत मला कन्नडचा हात ओळखणे तुलनेने सोपे वाटते ती बाब लिंगाची आहे. कन्नडमध्ये लिंग अर्थावर ठरते: माणूस पुरुष असेल तर ‘बंदनु’, स्त्री असेल तर ‘बंदळु’, आणि गाडी, पाऊस, म्हैस असे बाकी सगळे नपुंसक. मराठीत गाडी आली, ट्रक आला, विमान आलं, असे प्रत्येक शब्दाचे लिंग वेगळे शिकावे लागते. घरात फक्त कन्नड असलेल्या आणि मराठी मोठेपणी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ‘गाडी आलं’, ‘भाकरी झालं’ असे ऐकू आले आणि तुमच्याच गावातल्या केवळ मराठी घरांत ते सापडत नसेल, तर तुलनेचा पाया भक्कम होतो. तरी आणखी एक पायरी चढावी. ‘गाडी आलं’ म्हणणारा माणूस ‘चांगली गाडी’ म्हणतो की ‘चांगलं गाडी’ म्हणतो, हे पाहावे. विशेषणात ‘चांगली’ टिकून असेल तर गाडीचे लिंग त्याला ठाऊक आहे. क्रियापदाची जुळणी तेवढी सुटली आहे. दोन्हीकडे नपुंसक असेल तर शब्दाचे लिंगच बदलले आहे. वरवर एक दिसणारी ही गोष्ट व्याकरणाच्या दोन वेगळ्या मजल्यांवर घडते, आणि परीक्षक जाणकार असतील तर तुमच्या कामात ते नेमके हेच शोधतील.

‘म्हणून’ बद्दल थोडक्यात. ‘येतो म्हणून सांगितलं’ ही रचना कन्नडच्या ‘बरुत्तेने अंत हेळिदळु’ सारखी आहे: आधी बोललेले शब्द, मग ‘अंत’, मग ‘सांगितले’. पण ही रचना प्रमाण मराठीतही आहे, आणि संस्कृतातला ‘इति’ सुद्धा बोललेल्या शब्दांच्या मागेच येतो. तिथे ‘आहे की नाही’ असे विचारून काही हाती लागत नाही. ‘किती’ असे विचारावे लागते. दुसऱ्याचे बोलणे सांगणारी सगळी वाक्ये गोळा करावीत, कितींत ‘की’ आहे आणि कितींत ‘म्हणून’ किंवा ‘असं’ आहे ते मोजावे आणि दोन प्रकारच्या घरांची प्रमाणे शेजारी ठेवावीत. हवी तेवढीच वाक्ये उचलून दाखवली तर काहीही सिद्ध करता येते, म्हणून नसलेली रूपेही मोजायची.

तुमच्या जिल्ह्यातच या विषयातला एक जगप्रसिद्ध अभ्यास झाला आहे, हे तुमच्या मार्गदर्शकांनी सांगितले असेलच. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडच्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींवर 1971 मध्ये लिहिले. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य आणि ‘पाला जरा काटके लेके आया’ हे तिथले उर्दू वाक्य त्यांनी शेजारी ठेवले. कन्नड वाक्यही याच क्रमाने, तुकड्याला तुकडा जुळणारे होते. त्यांचे म्हणणे असे की शब्द वेगळे राहिले कारण ते समाजाची ओळख सांगतात, आणि वाक्याची घडण मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे एक होत गेली. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून 2016 मध्ये या एकरूपतेच्या मांडणीचीच चिकित्सा केली. दोन्ही लेख एकामागून एक वाचावेत. माझ्या मते त्यांतून शिकण्याची मोठी गोष्ट ही की गाव थांबलेले नसते. राज्यांच्या सीमा, शाळेचे माध्यम, नोकरीची भाषा हे सगळे बदलते आणि त्याबरोबर एका भाषेची दुसऱ्या भाषेवरची ओढही बदलते. तुमच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यामुळे एकाच गल्लीत कन्नड शाळेत शिकलेला काका आणि मराठी शाळेत शिकणारी पुतणी तुम्हांला मिळेल, आणि हे फार मोलाचे आहे.

म्हणून माणसे निवडताना 25 या आकड्यापेक्षा त्यांची मांडणी महत्त्वाची. तुमच्याकडे किती महिने आहेत आणि विद्यापीठाची अपेक्षा काय आहे, यावर संख्या अवलंबून राहील. माझ्या हिशेबाने तासभर बोलणे नीट लिहून काढायला आठ ते दहा तास लागतात. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेचे ‘ईलॅन’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरले तर ध्वनी आणि मजकूर एकत्र राहतो आणि नंतरची शोधाशोध वाचते. एकट्या माणसाने करायचे असेल तर 12 जण पुरे आहेत, पण ते असे असावेत: निम्मे कन्नड घरांतले, निम्मे त्याच गावातल्या अशा घरांतले जिथे कन्नड बोलली जात नाही, आणि दोन्हींत आजी-आजोबा, मधली पिढी व तरुण. तुमच्या गावात कन्नड अजिबात न येणारी माणसे मिळालीच नाहीत, तर ती खटाव-कऱ्हाडकडे शोधावी लागतील. मग गावाचा फरक आणि भाषेचा फरक एकमेकांत मिसळेल, तो मोकळेपणाने लिहावा. दूरच्या बोलींची तुलना करायची तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेल्या बोली-सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर खुली आहेत. ती जरूर ऐकावीत.

बायकांच्या बाबतीत माहेर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या भागात अथणीच्या, विजापूरकडच्या मुली सून म्हणून येतात आणि इकडच्या तिकडे जातात. सासरी 30 वर्षे काढलेल्या बाईचे मराठी या गावचे आहे की माहेरहून आलेले आहे, हे तिचे माहेर आणि तिच्या आईचे माहेर कळल्याशिवाय सांगता येत नाही. एका प्रबंधिकेत मी पाहिले होते की ‘गावाचे वैशिष्ट्य’ म्हणून नोंदवलेले एक रूप प्रत्यक्षात एकाच माहेरच्या चार बायकांचे होते.

याच माणसांचे कन्नडही थोडे ध्वनिमुद्रित करावे, असा माझा आग्रह आहे. परिणाम एकाच दिशेने होतो असे गृहीत धरले की निम्मे चित्र दिसतच नाही. तुमच्या गावातल्या कन्नडमध्ये मराठी किती शिरले आहे, हे तुम्ही स्वतः कन्नड बोलत असाल तर दोन दिवसांत उमगेल.

तुम्ही प्रश्नात ‘व्याकरणाच्या चुका’ असा शब्द दोनदा वापरला आहे. तो प्रबंधिकेतून काढून टाकावा, अशी कळकळीची विनंती. द्विभाषिकतेचे अभ्यासक फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी 1989 मध्ये मांडले की द्विभाषिक माणूस म्हणजे एका देहात राहणारे दोन एकभाषिक नव्हेत. त्याच्याकडे एक पूर्ण भाषिक सामर्थ्य असते आणि प्रसंगानुसार तो त्यातला हवा तो भाग पुढे आणतो. अक्कलकोटच्या त्या आजींनी मला ‘खाल्ली’ आणि शेजारणीला ‘खाल्ले’ म्हटले. त्यांना दोन्ही रूपे येत होती आणि कुठे कोणते वापरायचे हेही येत होते. ही जाण ‘चूक’ या शब्दात बसत नाही. शिक्षिका म्हणून वर्गात तुम्हांला प्रमाण रूप शिकवावेच लागेल, आणि ते शिकवायलाही हवे, पण ‘मी भाकरी खाल्लो’ लिहिणाऱ्या मुलाने एक नियम काटेकोरपणे पाळला आहे. तो नियम कोणता, हे तुम्हांला माहीत असेल तर दुसरा नियम त्याला समजावून सांगणे सोपे जाते.

तेव्हा क्रम असा ठेवता येईल: आधी जोड्यांतले बोलणे, मग त्यातून केवळ निःसंदिग्ध वाक्यांची मोजणी, मग गावातल्याच मराठी घरांशी तुलना, आणि शेवटी कन्नडमध्ये तसेच रूप आहे का याचा विचार. बहुतेक जण ही शेवटची पायरी पहिली करतात.

राहिले ते तुमचे 25 जणांचे कागद. ते वाया गेले असे तुम्ही लिहिले आहे, पण ते मुळीच टाकू नका. त्यांत लोक कसे बोलतात ते नसेल, पण नीट मराठी कशाला म्हणायचे याबद्दल त्यांच्या मनात काय आहे ते आहे, आणि हे सहसा कोणी नोंदवत नाही. त्या 25 जणांपैकी जे पुन्हा भेटायला तयार असतील त्यांनाच ध्वनिमुद्रणासाठी निवडावे. मग प्रत्येकाचे एक पान करावे: डावीकडे त्याने तुम्हांला सांगितलेली वाक्ये, उजवीकडे त्याच क्रियापदांची त्याने जावेशी, मित्राशी किंवा नातवाशी बोलताना वापरलेली रूपे. कोणाच्या पानावर दोन्ही बाजू सारख्या येतील, कोणाच्या पूर्ण वेगळ्या येतील. शाळा, वय आणि माहेर यांच्याप्रमाणे तो फरक कसा हलतो, एवढे एक प्रकरण तुम्ही नीट लिहिलेत तरी प्रबंधिका उभी राहील. पहिली पाच-सहा पाने तयार झाली की त्यांतले उतारे नावे वगळून इथेच टाका, मी वाचीन.